बर्फ उपसताना कंबर कशी सांभाळायची, आणि उसण भरलीच तर काय करायचं

माझ्या पहिल्या हिवाळ्यात पाऊण ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, साफ करून झाला होता. उरला होता तो रस्त्याच्या कडेला, बर्फ काढणाऱ्या गाडीने लोटून ठेवलेला गुडघाभर उंचीचा ढीग. दोन्ही पाय त्या ढिगात रुतलेले, फावडं काठोकाठ भरलेलं, आणि मी ते डाव्या खांद्यावरून मागे भिरकावलं. कमरेत उजव्या बाजूला चमक निघाली आणि श्वासच अडकला. सरळ होता येईना, वाकता येईना. फावड्याच्याच दांड्यावर भार देऊन तसाच उभा राहिलो. घराचं दार पंधरा पावलांवर होतं, तिथे पोचायला दहा मिनिटं लागली.

पुढची चूक मी घरात आल्यावर केली. चार दिवस अंथरुणावर पडून राहिलो. हललं की दुखतं, म्हणून हलायचंच नाही, एवढंच डोक्यात होतं. पाचव्या दिवशी कंबर लाकडासारखी ताठ झाली होती. फिजिओथेरपिस्टकडे गेलो, तर त्यांनी तपासून पहिलं काय केलं असेल तर मला उठवून व्हरांड्यात चालायला लावलं.

बर्फाच्या प्रदेशात नव्याने आलेल्यांना या दोन्ही गोष्टी कुणी सांगत नाही. म्हणून जे शिकलो ते क्रमाने लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल आणि धोक्याच्या लक्षणांबद्दल जे लिहिलं आहे, ते तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय समजू नका.

१. हे काम तुम्ही करायचं का, ते आधी ठरवा

कमरेविषयीच्या लेखात हृदयाची गोष्ट पहिली येते, कारण बर्फ उपसताना जीव जातो तो हृदयामुळे. अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांच्या १९९० ते २००६ या काळातल्या नोंदींचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बर्फ उपसताना इजा झालेले किंवा त्रास झालेले सरासरी ११,५०० लोक तिथे दरवर्षी येत होते. त्यातल्या साधारण तिघांपैकी एकाची कंबर दुखावलेली होती. हृदयाच्या तक्रारी ७ टक्क्यांच्या आत होत्या, पण त्या नोंदींमधले सगळे मृत्यू त्यांच्यातलेच होते.

कारण समजायला अवघड नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. त्यात हे काम मुख्यतः हातांचं, आणि जोर लावताना आपण नकळत श्वास रोखून धरतो. वर्षभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचं हृदय अशा वेळी दोन-चार मिनिटांतच धावण्याच्या शर्यतीत असल्यासारखं पळायला लागतं.

हृदयविकार असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, हाडं ठिसूळ झालेली असतील, गरोदर असाल, मणक्यातली गादी सरकून पायात कळ येत असेल, किंवा चाळिशी ओलांडली आहे आणि व्यायामाची सवय अजिबात नाही, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फावडं हातात घेऊ नका. पैसे देऊन कुणाकडून काढून घ्या, शेजाऱ्याला विचारा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

काम करताना छातीवर दाब आला, जबडा किंवा हात दुखायला लागला, थंडीतही दरदरून घाम फुटला किंवा धाप थांबेना, तर काम तिथेच टाकून आपत्कालीन मदतीच्या नंबरावर फोन करा. कधी कधी हे दुखणं खांद्यांच्या मधोमध, पाठीत जाणवतं. त्याला उसण समजून बाम चोळत बसू नका.

२. बर्फाचं वजन बघून घ्या

नवख्या माणसाला बर्फ कापसासारखा वाटतो, आणि कडाक्याच्या थंडीत पडलेला ताजा, भुसभुशीत बर्फ खरोखरच तसा असतो. तापमान शून्याच्या आसपास असताना पडलेला ओला बर्फ मात्र त्याच्या तिप्पट-चौपट जड भरतो. दिसायला दोन्ही सारखेच पांढरे.

म्हणून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा हे करा. दहा लिटरची बादली बर्फाने भरा, दाबू नका, आणि वजनकाट्यावर ठेवा. बादलीचं वजन वजा करून एक किलोच्या आसपास आकडा आला तर बर्फ हलका आहे. तीन किलोच्या पुढे गेला तर आजचं काम निराळं आहे. दहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद ड्राइव्हवेवर १५ सेंटिमीटर बर्फ पडला, तर तो होतो साडेचार घनमीटर. हलका असेल तर साधारण ४५० किलो, ओला असेल तर १,३५० किलो. फावड्यात पाच-पाच किलो घ्यायचं म्हटलं तर हलक्या बर्फाच्या ९० खेपा आणि ओल्याच्या २७०. हा हिशोब एकदा केला की सगळं एका दमात उरकण्याचा विचार आपोआप मागे पडतो.

दोन-तीन बर्फवृष्ट्यांनंतर बादली लागणार नाही. मुठीत घेऊन दाबून बघा. गोळा होत नसेल, भुसा पडत असेल, तर हलका. लगेच गोळा झाला आणि हातमोजा ओला झाला, तर जड.

३. सामान

हे बर्फ पडायच्या आधी घरात हवं:

- ढकलायचं फावडं. रुंद आणि वक्र पात्याचं. यात बर्फ उचलायचा नसतो, फक्त पुढे लोटायचा असतो.
- उचलायचं फावडं. लहान पात्याचं आणि हलकं, दीड किलोच्या आसपास. मोठं पातं घेतलं की ते भरण्याचा मोह आवरत नाही, आणि ओल्या बर्फाने भरलेलं मोठं पातं हेच कमरेच्या दुखण्याचं मूळ.
- दांडा उभा धरला तर साधारण छातीपर्यंत यावा. आखूड दांड्यामुळे प्रत्येक खेपेला जास्त वाकावं लागतं. मधे बाक दिलेल्या दांड्याने वाकणं कमी होतं, पण काहींना त्याने बर्फ टाकताना मनगट अवघडतं. विकत घेण्याआधी हातात धरून, रिकामंच चालवून बघा.
- सिलिकॉनचा स्प्रे किंवा मेण. पात्याला दोन्ही बाजूंनी लावायचं. ओला बर्फ पात्याला चिकटला की तो झटकायला आपण मनगट आणि कंबर हिसडतो.
- खोल नक्षीच्या तळव्याचे बूट आणि त्यांवर चढवायचे काटे. पाय घसरताना तोल सावरायला जो झटका बसतो, त्यानेही उसण भरते.
- मीठ आणि वाळू. साधं मीठ उणे दहा अंशांच्या खाली फारसं चालत नाही. तेव्हा वाळू पसरा, म्हणजे निदान पायाला पकड मिळेल.
- अंगावर एका जाड कोटाऐवजी दोन-तीन पातळ थर, म्हणजे अंग तापलं की एक काढता येईल.
- खिशात फोन. मी त्या दिवशी घरात विसरलो होतो.

कमरेचा पट्टा या यादीत मुद्दाम घातलेला नाही. धडधाकट माणसाने पट्टा बांधल्याने इजा टळते, असं अभ्यासांत दिसून आलेलं नाही. उलट पट्टा आहे म्हणून माणूस जास्त वजन उचलायला धजावतो.

४. उठल्या उठल्या बाहेर पडू नका

मणक्यांमधल्या गाद्या रात्री आडवं झाल्यावर पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने जास्त भरते. फुगलेल्या, ताठ गादीवर वाकण्याचा ताण दुपारपेक्षा कितीतरी जास्त येतो. उठल्यानंतर पहिल्या तासाभरात हा फुगवटा बराचसा उतरतो.

आणि बर्फ उपसायची घाई नेमकी सकाळी, कामावर जायच्या आधी असते. त्यामुळे रात्री बर्फ पडणार असेल तर गजर तासभर आधीचा लावा आणि त्यातली पहिली ४५ मिनिटं घरातच काढा. आवरा, चाला, जिना चढा-उतरा. मग पाच मिनिटं अंग मोकळं करा: जागच्या जागी पावलं टाका, खांदे फिरवा, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. पायाची बोटं धरायला वाकू नका. थंड कमरेला ओढून ताणण्याचा फायदा नाही.

५. ढकला, आणि उचलावंच लागलं तर असं उचला

बर्फ कुठे टाकायचा ते पहिलं फावडं मारायच्या आधी ठरवा. मधून सुरुवात करून दोन्ही कडांना ढकलत न्या, म्हणजे अंतर निम्मं होतं. गाडी बाहेर उभी असेल तर आधी तिच्या टपावरचा बर्फ खाली ओढा, नाहीतर साफ केलेली जागा पुन्हा भरते. ढकलताना दांडा पोटाला टेकवू नका. पातं दगडाला किंवा फटीला अडलं की दांड्याचा टोला थेट पोटात बसतो. दांडा कमरेच्या जरा बाजूला धरा, कोपरं अंगाजवळ ठेवा आणि पायांनी चाला.

आता उचलण्याबद्दल. इथे थोडं थांबतो, कारण कंबर जाते ती इथे.

कमरेचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. फावड्यातलं वजन मणक्यापासून पुढे ७० सेंटिमीटरवर असेल, तर ते तोलायला स्नायूंना चौदापट जोर लावावा लागतो. फावडं आणि बर्फ मिळून सहा किलो असतील तर ८४ किलोंचा जोर, शिवाय पुढे झुकलेल्या धडाचा भार वेगळा. तेच वजन अंगाजवळ, ३५ सेंटिमीटरवर आणलं की जोर निम्म्यावर येतो. त्यात पाय जागेवर ठेवून धड वळवलं, की गादीच्या कडेचे तंतू पिळवटले जातात. वाकलेली, भार घेतलेली आणि पिळलेली कंबर, हे तिन्ही एका क्षणी जुळून आलं की उसण भरते. माझं तेच झालं होतं.

कमरेतून न वाकता खुब्यातून कसं वाकायचं, ते आधी घरात शिका. एक सरळ काठी पाठीला लावून धरा, अशी की ती डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाडावर अशी तीन ठिकाणी टेकेल. आता गुडघे किंचित दुमडून बसण्याचा भाग मागे न्या, मागची खुर्ची ढुंगणाने चाचपडावी तसा. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर तुम्ही खुब्यातून वाकलात. माकडहाडापाशी ती सुटली तर कंबर गोल झाली. पहिल्या दिवशी माझी काठी दर वेळी सुटत होती. आठवडाभर रोज दहा वेळा केलं, तेव्हा कुठे जमलं.

बाहेर गेल्यावर:

१) पाय खांद्याइतके रुंद, एक थोडा पुढे. रुतलेले असतील तर आधी जागा मोकळी करून घ्या.

२) एक हात दांड्याच्या वरच्या टोकाच्या मुठीवर, दुसरा दांड्यावर खाली, पात्याकडे. दोन्ही हात वरच राहिले तर वजन लांब लोंबकळतं.

३) फावडं अर्धंच भरा. ओल्या बर्फात पाव. बर्फ गुडघ्याएवढा असेल तर तळापासून खणू नका. वरचा थर काढा, मग खालचा.

४) पातं मांडीजवळ ओढून घ्या आणि पायांवर जोर देत उठा. उठताना तोंडाने श्वास सोडा.

५) वळायचं असेल तर पावलं टाकून वळा. माझा नियम असा आहे: बर्फ ज्या दिशेला जायचा, त्या दिशेला नाक, बेंबी आणि पुढच्या पायाचा अंगठा तिन्ही वळलेले हवेत.

६) भिरकावू नका. दोन पावलं चालत जा आणि ओता. खांद्यावरून मागे टाकणं तर कधीच नको.

दर दहा खेपांनी हात बदला. नावडत्या हाताने सुरुवातीला फार अवघडल्यासारखं होतं, पण एकाच बाजूला शंभर वेळा वळण्यापेक्षा ते बरं.

६. किती वेळ, किती वेगाने

कॅनडातल्या कामगार सुरक्षेच्या मार्गदर्शनात एक माप दिलेलं आहे: मिनिटाला सुमारे १५ खेपा या वेगाने काम करायचं असेल तर फावडं धरून वजन पाच ते सात किलोंच्या वर जाऊ नये, आणि १५ मिनिटं कामानंतर तेवढीच विश्रांती घ्यावी. नवख्या माणसाने याच्या निम्म्यावर राहावं, असं माझं मत आहे. मी अजूनही दहा मिनिटांचा गजर लावतो. गजर वाजला की फावडं बर्फात उभं रोवायचं, हात कमरेवर ठेवून हळूच मागे झुकायचं, पाच वेळा, मग दारात जाऊन पाणी प्यायचं.

दिवसभर बर्फ पडणार असेल तर थांबण्याची वाट बघू नका. दर पाच-सात सेंटिमीटरला एकदा ढकलून काढा. फेऱ्या जास्त होतात, पण उचलायची वेळच येत नाही.

बोलताना वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. आणि शेवटचा कोपरा उरलाय, तेवढा उरकून टाकू, असं मनात आलं की फावडं ठेवा. थकलेले स्नायू कंबर धरून ठेवत नाहीत.

७. रस्त्याकडेचा ढीग

बर्फ काढणारी गाडी जाते तेव्हा तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी दाबलेल्या, मीठमिश्रित, ओल्या बर्फाचा बांध घालून जाते. रात्रभरात तो दगड होतो. हा सगळ्यांत जड बर्फ असतो आणि आपण तो सगळ्यांत शेवटी, दमल्यावर काढायला घेतो. हा क्रम उलटा करा. ताजेतवाने असताना आधी हा बांध काढा.

फावडं खाली खुपसून तो उपटायला जाऊ नका. पोलादी पात्याच्या अवजाराने वरून घाव घालत विटेएवढे तुकडे पाडा आणि एकेक तुकडा ढकलून बाजूला करा. एक युक्तीही सांगतो. गाडी ज्या बाजूने येते, त्या बाजूला ड्राइव्हवेच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेने दोन-तीन मीटरचा खिसा मोकळा करून ठेवा. गाडीच्या पात्यावरचा बर्फ त्या खिशात पडतो आणि तुमच्या तोंडाशी बांध लहान होतो.

स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून बाजूला फेकणारं यंत्र, घेतला म्हणजे कंबर वाचलीच असं नाही. दोरी हिसडून इंजिन चालू करताना आणि यंत्र अडल्यावर ढकलताना उसण भरते. बर्फ अडकला तर इंजिन बंद करा, आणि तरीही आत हात घालू नका. आतली पाती बंद यंत्रातही ताणलेली असू शकतात आणि बर्फ सुटताच फिरतात. लांब काठी वापरा.

८. उसण भरलीच तर: पहिला तास

फावडं सोडा. ओणवं झाला असाल तर झटक्याने सरळ व्हायला जाऊ नका. हात मांड्यांवर टेकवा आणि हातांनी चढत चढत वर या. घरात येऊन पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, म्हणजे खुबे आणि गुडघे काटकोनात राहतील. दहा-पंधरा मिनिटं पोटाने सावकाश श्वास घ्या. स्नायूंनी आवळून धरलेली पकड बहुतेक वेळा इथे थोडी सैल होते.

उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटा देऊन बसा. सरळ उठून बसायचं नाही. कुणाला पाठ तुडवायला किंवा कटकन मोडायला सांगू नका.

मग स्वतःला तपासा. टाचांवर चार पावलं, चवड्यांवर चार पावलं चालता येतात का? दोन्ही पायांना स्पर्श सारखाच कळतो का? लघवी नेहमीसारखी होते का? ही उत्तरं वेळेसकट लिहून ठेवा.

९. पुढचे दिवस

बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट असतात, आणि तेव्हा इतकं दुखतं की काहीतरी कायमचं मोडलं असं वाटतं. मलाही वाटलं होतं. दुखण्याच्या तीव्रतेवरून इजा किती मोठी आहे ते ठरत नाही.

अंथरुणावर पडून राहू नका. जागेपणी दर तासाला उठून पाच मिनिटं चाला, घरातल्या घरात का होईना. बसणं उभं राहण्यापेक्षा जास्त टोचतं, म्हणून बसायचं तर थोडा वेळच, आणि कमरेमागे टॉवेलची गुंडाळी घेऊन. रात्री कुशीवर झोपून गुडघ्यांमधे उशी घ्या.

शेक घ्या. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. झोपताना अंगाखाली ठेवू नका, कातडी भाजते. पहिल्या दिवशी थंड शेकाने बरं वाटत असेल तर तोही चालेल, मात्र उपयोगाचा पुरावा गरम शेकाच्या बाजूने जास्त आहे.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. घरात असते ती पॅरासिटामॉल कमरेच्या अशा दुखण्यावर फारशी चालत नाही. ऑस्ट्रेलियात सुमारे १,६५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, २०१४ साली, ती घेणारे साधारण १७ दिवसांत बरे झाले आणि औषध नसलेली गोळी घेणारे १६ दिवसांत. आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी थोडा आराम पडतो. त्या कमीत कमी मात्रेत, थोडेच दिवस, जेवणानंतर घ्यायच्या. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, रक्त पातळ करणारं औषध किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, सोसेल एवढंच: हातापायांवर ओणवं होऊन पाठ हळूहळू वर-खाली करणं, मार्जारासनात करतात तसं, आठ-दहा वेळा. आणि पालथं झोपून कोपरांवर छाती उचलणं. यात एक खूण लक्षात ठेवा. पायात उतरलेली कळ वर सरकून कमरेत गोळा होत असेल, तर कमरेत थोडं जास्त दुखलं तरी दिशा बरोबर आहे. कळ खाली पोटरीकडे पावलाकडे जात असेल, तर तो व्यायाम थांबवा.

१०. डॉक्टरकडे कधी आणि काय घेऊन जायचं

थेट आपत्कालीन विभागात जायचं, रात्र असली तरी, जर:

- मांड्यांच्या आतली बाजू, गुदद्वार किंवा जननेंद्रिय यांभोवती बधिरपणा आला,
- लघवी होत नाही, किंवा लघवी-शौचावर ताबा राहिला नाही,
- पावलाचा पंजा उचलता येत नाही किंवा पायातली ताकद कमी होत चालली आहे, विशेषतः दोन्ही पायांतली,
- पाठीत किंवा पोटात एकाएकी फाटल्यासारखं दुखून घेरी आली,
- घसरून आपटलात आणि मणक्याच्या हाडावर दाबलं की असह्य दुखतं.

पहिल्या तीन लक्षणांत मणक्याच्या तळाशी असलेला मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. तो तासांच्या हिशोबात मोकळा करावा लागतो, उद्यावर ढकलायचा नाही.

कमरेबरोबर ताप असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, स्टेरॉइड बराच काळ चालू असतील, कारण नसताना वजन उतरत असेल, किंवा पडून राहूनही रात्रभर दुखत असेल, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. यातलं काहीच नसेल आणि दोन-तीन आठवड्यांत सुधारणा दिसत नसेल, तर फिजिओथेरपिस्टची वेळ घ्या.

सोबत न्यायचे कागद: चालू औषधांची यादी, ॲलर्जी, जुने रिपोर्ट, विम्याचं कार्ड, आणि आठव्या टप्प्यात लिहिलेली टिपणं. बर्फ काढणं हा तुमच्या नोकरीचा भाग असेल तर त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा. दोन आठवड्यांनी सांगितलं तर इजा कामावरच झाली हे पटवणं जड जातं.

डॉक्टरांनी एमआरआय सांगितला नाही म्हणून नाराज होऊ नका. धोक्याची लक्षणं नसतील तर सुरुवातीला तो लागत नाही, आणि कधी कधी उगाच घाबरवतो. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय एकत्र तपासणारा एक आढावा २०१५ साली आला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. रिपोर्टमधला तो शब्द वाचून आयुष्यभर जपून वागणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं.

११. पुन्हा फावडं हातात घेण्याआधी

मी स्वतःसाठी चार अटी ठेवल्या होत्या. अर्धा तास न थांबता चालता आलं पाहिजे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठता-बसता आलं पाहिजे. पाठीला काठी लावून खुब्यातून वीस वेळा वाकता आलं पाहिजे. आणि पाच किलोची बादली गुडघ्याच्या उंचीवरून उचलून, पावलं टाकत वळून, दुसरीकडे ठेवता आली पाहिजे, वीस वेळा. यातलं काहीही केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर आणखी एक आठवडा थांबायचं. मला सहा आठवडे लागले.

तोवर रोज दहा मिनिटं तीन व्यायाम: पाठीवर झोपून कंबर वर उचलणं, हातापायांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांबवणं आणि मग उलट, आणि कुशीवर कोपर टेकवून कंबर उचलून धरणं. प्रत्येक वेळी दहा मोजेपर्यंत धरायचं आणि सोडायचं. पुढचा हिवाळा यायच्या दोन महिने आधीपासून मी हेच पुन्हा सुरू करतो.

बरं झाल्यावर पहिल्यांदा बर्फ पडेल, तेव्हा दारापासून रस्त्यापर्यंत फक्त एका फावड्याच्या रुंदीची वाट काढा आणि आत या. बाकीचा बर्फ दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कंबर काय म्हणते ते बघा, आणि मगच पुढच्या वेळी दुसरी पट्टी काढायला घ्या.